रंग गेला कुठे?

पाणीखात्याचा साहेब येणार असला, की रंगाऱ्यांच्या गल्लीत धावपळ उडायची. प्रत्येक कारखान्यात विहिरीचा पंप सुरू व्हायचा. धुण्याच्या हौदातल्या लालनिळ्या पाण्यात चांगलं पाणी सोडायचं, ते सोडत राहायचं, आणि शेवटी ते इतकं पातळ करायचं की साहेबाच्या बाटलीत भरल्यावर त्याला रंग दिसू नये. साहेब बाटली उजेडात धरायचा, मान हलवायचा आणि चहा पिऊन जायचा. तो गल्लीच्या टोकाला वळला की पंप बंद. मग पुढच्या भेटीपर्यंत जे पाणी मागच्या ओढ्यात जायचं, त्याच्याकडे कुणी बघायचं नाही.

या पाण्याला गल्लीत ‘पाहुण्यांचं पाणी’ म्हणत. हे नाव रंगाऱ्याच्या बायकोने ठेवलं होतं. पाहुणे आले की बरी भांडी काढतात, तसंच हे, असं ती म्हणायची. सगळे हसायचे. रंगारीही हसायचा.

रंगाऱ्याचा कारखाना गल्लीत जुना. सुताच्या लडी रंगवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. सुताने रंग किती धरला हे तो ओल्या लडीवरूनच सांगायचा. कमी धरला असेल तर मीठ वाढव, सोडा वाढव, पुन्हा बुडव. पण कितीही केलं तरी काही रंग सुतावर बसत नाही, धुण्यात निघतो. हा निघालेला रंग ओढ्यात जायचा. ‘धंदा म्हटला की हे आलंच,’ असं रंगारी म्हणायचा, आणि तो विषय तिथेच संपायचा.

गेल्या वर्षी त्याची बायको गेली. मुलगा मालाच्या फेऱ्यांवर असायचा, आठवड्यातले बरेच दिवस बाहेरगावी. घरात उरले सासरा आणि सून. सून कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. सासूबाई होत्या तोवर या दोघांचं बोलणं त्यांच्यामार्फतच चालायचं. ‘बाबांना विचारा, जेवायला वाढू का?’ ‘तिला सांग, दिवा बंद करायला विसरू नकोस.’ आता निरोप्याच गेला. दोघं समोरासमोर बसून जेवायचे आणि मीठ हवं असलं तरी आपणच उठून घ्यायचे.

बायको गेली की सासरवाडीही हळूहळू परकी होते. रंगाऱ्याच्या बाबतीत एकच धागा राहिला होता, तो म्हणजे मेहुणी. बायकोची धाकटी बहीण. ओढ्याच्या खालच्या अंगाला तिची रोपवाटिका होती. ती बोलायला तिखट, पण दर आठवड्याला न चुकता यायची. दाराबाहेर चप्पल काढता काढता टोमणा ठरलेला.

“भाऊजी, काल ओढ्यात पाय घातला. मोज्यांचा खर्च वाचला बघा. घोट्यापर्यंत जांभळे!”

“तू ओढ्यात शिरतेस कशाला?”

“माझी रोपं तुमच्यासारखी चहावर जगत नाहीत. त्यांना पाणी लागतं.”

त्या वर्षी तिच्या वाफ्यांतली कोवळी रोपं कडेने करपायला लागली होती. कोवळी पानं आधी पिवळी, मग तपकिरी. तिने ओढ्याचं पाणी बंद केलं आणि लांबून पाणी आणायला लागली. रंगाऱ्याला तिने याबद्दल एक शब्द विचारला नाही. पण न विचारलेला प्रश्न विचारलेल्यापेक्षा जड असतो. बहिणीच्या माघारी ती या घरात येते, आणि या घराचंच पाणी तिच्या रोपांवर जातं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एक दिवस जेवताना सून आपणहून बोलली.

“बाबा, एक विचारू? धुण्याचं थोडं पाणी मला द्याल? गच्चीवर प्रयोग करायचाय.”

“आपल्या घाण पाण्यावर?”

“तेच तर माझं काम आहे. तीन वर्षं तेच करतेय.”

रंगाऱ्याला लाज वाटली. सून तीन वर्षं काय करते हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. ते बायकोला माहीत असेल.

तिने गच्चीवर काचेची उथळ तबकं मांडली. त्यात रंगीत पाणी ओतलं आणि डब्यातून चमचाभर फिकट, करडी पावडर टाकून ढवळलं.

“ही पावडर तुम्हाला अगदीच नवी नाही,” ती म्हणाली. “टायटॅनियमची आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात हीच असते.”

“मग यात विशेष ते काय?”

“हिच्यावर ऊन पडलं की आतले कण जागा सोडून उठतात. ते पाण्याशी भिडले की रंगाचे तुकडे करणारं काहीतरी तयार होतं. अडचण एवढीच, की उठलेले कण लगेच माघारी येऊन जागेवर बसतात.”

“काम न करता?”

“काम न करता.”

“म्हणजे आपल्या मागच्या हौदावरच्या माणसांसारखेच की!”

सून खळखळून हसली. घरात कुणी असं हसल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. दोघंही क्षणभर गोंधळले. मग ती म्हणाली, “म्हणून हिच्यावर तांब्याचे बारीक ठिपके बसवलेत. तांबं त्या कणांना धरून ठेवतं, माघारी पळू देत नाही. आणि नुसत्या पांढऱ्या पावडरीला उन्हाचा अगदी थोडा भाग वापरता येतो. तांबं असलं की जास्त ऊन कामी येतं.”

“म्हणजे तांबं हे मुकादम.”

“मुकादमच. पण ऊन नसेल तर मुकादमही नुसता बसून राहतो, हे लक्षात ठेवा.”

दुपार कलली तेव्हा तबकातलं निळं पाणी नितळ झालं होतं. रंगारी वाकून बघत राहिला. उभ्या आयुष्यात त्याने रंग चढवला होता. उतरलेला रंग पहिल्यांदाच बघत होता.

“झालं की! आता दे ओतून.”

“अजून नाही. उद्याचं ऊनही लागू द्या.”

“आता कशाला? गेला ना रंग?”

“दिसणारा गेला, बाबा. रंगाचे तुकडे झालेत, पण तुकडे अजून पाण्यातच आहेत. त्यांना रंग नसतो म्हणून दिसत नाहीत. त्यातले काही तर मूळ रंगापेक्षाही वाईट. तेही मोडायला हवेत.”

शिकलेल्या माणसांना सोपी गोष्ट अवघड करायची खोडच असते, असं त्याने मनात म्हटलं आणि तो जिना उतरला.

पुढे काही महिने सून हे काम वाढवत गेली. कारखान्यामागच्या अंगणात तिने एक उघडा, उथळ हौद बांधून घेतला. प्रयोगशाळेत मेहनतीने तयार केलेली पावडर डब्यांत भरून आणली. धुण्याचं पाणी थोडं थोडं त्यात घ्यायचं, आम्ल घालून त्यातला सोडा मारायचा, पावडर टाकायची आणि ऊन खाऊ द्यायचं, अशी पद्धत ठरली. काम हळू चालायचं. हौद लहान, पाणी फार. पण चालायचं.

आणि मग पाणीखात्याने गल्लीला निरोप धाडला. या वेळी साहेब येण्याआधी विहिरींच्या पंपांना खात्याचं सील लागणार होतं. पाहुण्यांचं पाणी खात्यालाही कळलं होतं! ज्याच्या हौदातून रंगीत पाणी निघेल, त्याचा कारखाना बंद.

गल्लीत रडारड सुरू झाली. सगळ्यांत मोठा आवाज शेजारच्या रंगाऱ्याचा. तो पाण्यात पाणी ओतण्यात इतका तरबेज होता, की लोक त्याला पातळराव म्हणत.

“सील म्हणजे काय हो? माझी विहीर, माझा पंप! उद्या म्हणाल श्वासही मोजून घ्या.” मग आवाज खाली आणून तो रंगाऱ्याच्या कानाशी लागला. “तुमचं बरं आहे. तुमच्या सूनबाईंची जादू आहे. तुमचं पाणी पास झालं, की तोच हौद दाखवून आम्हीही सुटू. गल्लीची अब्रू आता तुमच्या हातात.”

आणि नेमकं त्याच आठवड्यात आभाळ भरून आलं. ऊन म्हणून नाही. हौदातलं पाणी निळं ते निळंच. सून कॉलेजच्या कामासाठी दोन दिवस बाहेर गेली होती. रंगारी हौदाभोवती घिरट्या घालत राहिला. साहेब उद्या येणार होता.

मग त्याने तेच केलं, जे त्याने आयुष्यभर केलं होतं. रंग नीट बसला नाही की मीठ वाढवायचं. इथे काम नीट होत नाही, तर पावडर वाढवू! त्याने पाण्यात आम्ल जरा जास्तच घातलं, सुनेने ठेवलेले सगळे डबे एकामागून एक हौदात रिकामे केले आणि लांब काठीने ढवळत राहिला. वर आभाळ तसंच काळं.

सकाळी येऊन बघतो तर काय! पाणी आरशासारखं. तळाशी पावडर बसलेली, वर नितळ पाणी. रंगाऱ्याला आनंद मावेना. उन्हाची गरजच नव्हती! म्हणजे एवढे दिवस उगीच वाट बघितली की काय?

मेहुणी त्या सकाळी आलीच होती. ती हौदाच्या कडेला बसली, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, बोटांतून गळू दिलं.

“भाऊजी, हे तुमच्याच हौदातलं?”

“मग काय शेजाऱ्याकडून उसनं आणलंय?”

“पातळ केलंय का?”

“पंपाला सील आहे. जाऊन बघ.”

मग तिच्या बोलण्यातला तिखटपणा गेला. “ताई असती तर तिने आधी तिच्या कुंड्यांना घातलं असतं. दोन कॅन नेऊ का? कलमांच्या ओळीला घालते. पण तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात तर घालते, नाही म्हणालात तर नाही. मला दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही.”

“बिनधास्त घाल. मी सांगतोय ना!”

तिने दोन कॅन भरले, सायकलला अडकवले आणि गेली. रंगारी तिच्या पाठमोऱ्या सायकलीकडे बघत राहिला. खूप दिवसांनी त्याला हलकं वाटलं.

सून परतली ती थेट अंगणातच. पातळराव आधीच तिथे उभा राहून हौदाचं कौतुक करत होता. तिने पाणी पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं.

“बाबा, ऊन कधी पडलं?”

“पडलंच नाही! तीच तर गंमत. पावडर वाढवली, काम झालं.”

तिचा चेहरा उतरला. बाही वर करून तिने हात हौदात घातला आणि तळाची मूठभर पावडर वर काढली. करडी पावडर गडद निळी झाली होती.

“तुम्हीच बघा,” ती हळूच म्हणाली.

तिने बादलीत कोमट पाणी घेतलं, त्यात सोडा विरघळवला आणि ती मूठ त्यात सोडून ढवळली. बघता बघता पाणी निळं झालं. तोच निळा! कालच्या लडींचा!

“रंग मोडला नाही, बाबा. तो पावडरीवर जाऊन बसलाय. आम्लात बसला, सोड्यात सुटला. आज ना उद्या ही पावडर कुठेतरी टाकली जाईल, आणि रंग पुन्हा पाण्यात येईल.”

रंगारी बादलीकडे बघतच राहिला. चाळीस वर्षं ज्याने रंग धरवला, त्याला रंग कुठे धरला हे कळू नये?

“म्हणजे मी...” तो म्हणाला, “मी पावडर रंगवली.”

“हो.”

“अहो, सुटला तर सुटला!” पातळराव मध्येच म्हणाला. “तो बादलीत सुटला. हौदातलं पाणी तर साफ आहे ना? साहेब काय बादली बघायला येतोय? तो बाटली भरणार आणि जाणार. सूनबाई, तुम्ही ती बादली आत न्या बघू.”

“काका, साहेब गेल्यावर या पावडरीचं काय करायचं?”

“ते नंतर बघू.”

“इतकी वर्षं आपण नंतरच बघतोय,” सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “आधी पाणी पातळ करून रंग लपवला. आता पावडरीत लपवतोय. लपवायची जागा तेवढी बदलली. बाबा, माझ्या कामाचा उपयोग यासाठी होणार असेल, तर तो हौद मी आजच फोडून टाकीन. पण एक विचारते. नुसतं पास व्हायचंय, की रंग खरंच संपवायचाय? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

रंगाऱ्याच्या मनात त्या क्षणी साहेब नव्हता, कारखानाही नव्हता. सायकलला अडकवलेले दोन कॅन होते.

“या पाण्याने रोपांना काय होईल?” त्याने विचारलं.

“आम्ल जास्त आहे, मीठ आहे. आणखी काय उरलंय, ते तपासल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. का?”

तो उत्तर देणार तोच फाटक वाजलं. साहेब आला होता, आणि त्याच्या मागे अर्धी गल्ली. साहेबाने हौदात डोकावून पाहिलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बाटली भरली, उजेडात धरली.

“वा! याला म्हणतात काम. बाकीच्यांनी बघून घ्या जरा. मी खात्याला कळवतो, या हौदाला परवानगी द्यायला हरकत नाही.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. पातळरावने रंगाऱ्याचा दंड घट्ट धरला. आता एक ‘हो साहेब’ म्हटलं की झालं. कारखाना वाचला, गल्ली वाचली.

“साहेब,” रंगारी म्हणाला, “हे पाणी सोडायच्या लायकीचं नाही.”

“काय?”

“रंग पाण्यातून गेलाय, पण संपला नाही. तळाशी बसलाय. चूक माझी आहे, माझ्या सुनेची नाही. ऊन लागू द्यायचं होतं. मी वाट बघितली नाही.” आणि त्याने निळी बादली स्वतः उचलून साहेबासमोर ठेवली.

अंगणात एकच गिल्ला झाला. “वेड लागलंय म्हाताऱ्याला!” “स्वतः बुडतोय, आम्हालाही बुडवतोय!” पातळरावने त्याचा दंड असा सोडला, जणू हाताला चटका बसला. साहेबाने बादलीतलं पाणीही बाटलीत भरून उजेडात धरलं. शेवटी म्हणाला, “इतक्या वर्षांत मला असं सांगणारे तुम्हीच पहिले. पण नियम तुम्हालाही लागू. पाणी खरंच स्वच्छ होत नाही तोवर इथून एक थेंब सोडायचा नाही. म्हणजे रंगकाम बंद.”

“बंद तर बंद,” रंगारी म्हणाला. पायात चप्पल सरकवून तो तसाच निघाला.

रोपवाटिकेत पोहोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. मेहुणी कलमांच्या ओळीत झारी घेऊन उभी होती. एक कॅन रिकामा झाला होता.

“थांब! घालू नकोस.”

त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. तिने झारी खाली ठेवली.

“मी तुम्हालाच विचारलं होतं, भाऊजी.”

“हो.”

“तुम्ही बिनधास्त म्हणालात.”

“मला दिसलं ते खरं वाटलं.”

ती त्याला रागावली नाही. त्याला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. तिने कलमांच्या मुळाशी चांगलं पाणी सोडलं, भरपूर, म्हणजे आत मुरलेलं खाली वाहून जाईल. तोही दुसरी झारी घेऊन तिच्या शेजारी लागला. ओळीच्या शेवटी आल्यावर ती म्हणाली, “फोनवरही सांगता आलं असतं.”

“फोनवर तोंड दिसत नाही.”

“ते खरं,” ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली झारी पुन्हा भरून दिली. त्या ओळीतली निम्मी कलमं पुढे जळून गेली, निम्मी तगली.

कारखाना बरेच दिवस बंद राहिला. मुलगा चिडला, मग समजला. ऊन परतलं तसं रंगारी आणि सून दोघांनी मिळून हौद पुन्हा लावला. निळी झालेली पावडर त्यांनी फेकली नाही. थोडी थोडी करून स्वच्छ पाण्यात, उन्हात पसरली, तिच्यावर बसलेला रंग मोडेपर्यंत. रोज जेवढ्या पाण्यातला रंग उन्हात खरंच संपतो, तेवढाच माल रंगवायचा, असं रंगाऱ्याने ठरवलं. माल कमी झाला. काही गिऱ्हाइकं तुटली. काहींना त्याने हात जोडून सांगितलं, “उशीर लागेल. ओढ्याला विचारून रंगवतो मी आता.” पाणी नितळ झालं की सून त्याचा नमुना प्रयोगशाळेत न्यायची, आणि तिथून होकार आल्याशिवाय हौदाचं पाणी ओढ्यात सोडणारी चावी फिरायची नाही. गल्लीतले लोक आधी हसले. मग एकेक जण संध्याकाळी चौकशीला येऊ लागला. सगळ्यांत शेवटी पातळराव आला, तेही इकडेतिकडे बघत.

“किती दिवस लागतात हो रंग जायला?”

“जायला एक दिवस पुरतो,” रंगारी म्हणाला. “संपायला जास्त लागतात. तुम्हाला कोणतं हवंय ते सांगा, मग बसू.”

पातळराव जरा वेळ उभा राहिला, आणि मग बसला.

मेहुणीने हौदाचं पाणी लगेच घेतलं नाही. तिने विचारलं, सुनेने तपासणीत काय आलं ते दाखवलं, मेहुणीने ते ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, “अजून थोडे दिवस जाऊ देत.” रंगाऱ्याला ते लागलं. पण त्याने आग्रह केला नाही. माणसाचा विश्वासही उन्हात ठेवलेल्या पाण्यासारखाच, ढवळून लवकर होत नाही.

मित्रहो, रंगाऱ्याची चूक काही जगावेगळी नव्हती. घरातला कचरा कुंपणापलीकडे गेला की आपण हात झटकतो. सांडपाणी मोरीच्या जाळीखाली उतरलं की आपलं काम संपलं असं समजतो. आपण अंगावर घालतो त्या कपड्याचा रंग कुठल्या तरी ओढ्यातून गेलेला असतो, पण तो ओढा आपल्या दारात नसतो, म्हणून आपल्याला सुखाची झोप लागते. दिसेनासं झालं म्हणजे संपलं, हीच आपली मोठी फसगत! कुठलीही घाण नजरेआड झाली, की समाधान मानण्याआधी प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावं: ती गेली कुठे? आणि उत्तर मिळेपर्यंत चावी फिरवू नये.